वाटणीचं करडू

आमच्या कळंब तालुक्यात पूर्वी पदरच्या पैशानं शेळी घेणारी बाई विरळा, वाट्यानं पाळणाऱ्या बाया फार. मालकानं पाट घेऊन द्यायची, मजूर बाईनं ती बांधानं, ओढ्याकाठी चारायची आणि व्याली की करडं निम्मी-निम्मी. उस्मानाबादी शेळी पुष्कळदा जुळं देते, त्यामुळं हिशेब सोपा: एक मालकाचं, एक बाईचं. माझ्या आईनं अशीच शेरडं सांभाळली. पुढं मी पशुसंवर्धन खात्यात लागलो, तेव्हा तिच्या कामाची किंमत मला नीट कळली.

वाटणी व्हायची ती करडं तीन महिन्यांची झाली की. मालकाचा गडी यायचा, त्यातलं उजवं उचलायचा. एकाच दिवशी करडाची आई तुटायची, जोडीचं भावंड तुटायचं, जागा बदलायची आणि दुधाच्या जागी कोरडा कडबा नाहीतर एकदम ओंजळभर ज्वारी पुढ्यात यायची. आठवड्याच्या आत हगवण. पाठ वर काढून, केस ताठ करून ते कोपऱ्यात उभं. शेपटीखाली लेंड्यांऐवजी हिरवट लगदा. जगलं तरी अंग धरायचं नाही. लोक म्हणत, दृष्ट लागली.

खरं कारण पोटात आणि रक्तात होतं. गाभणपणी शेळीची रोगप्रतिकारशक्ती वारेतून पिल्लाला मिळत नाही, डुकरिणीचंही तसंच. सगळी भिस्त चिकावर, तीही पहिल्या काही तासांतल्या. आणि आमच्याकडं तर जार पडेपर्यंत करडाला पाजायचं नाही, ही समजूत घट्ट! चिकातून आलेली ताकद तीनेक महिन्यांत ओसरते, स्वतःची पुरती आलेली नसते. वाटणी नेमकी त्याच दिवसांत.

युरोपातल्या मोठमोठ्या वराहपालकांनाही असं अवेळी दूध तोडणंच भोवलं. तिथं २८ दिवसांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये असा कायदा आहे. खास सोय असेल तर २१. हगवण रोखायला खाद्यात घालायचं जस्ताचं औषध २०२२ साली बंद झालं, तेव्हा पिल्लू कधी आणि कसं तोडायचं याकडंच त्यांना पुन्हा वळावं लागलं.

माझी आई मात्र दूध हळूहळू तुटावं म्हणून शेळीच्या कासेला जुन्या लुगड्याची पिशवी बांधायची. आधी फक्त दिवसा, मग एक सड मोकळा ठेवून, मग पुरती. महिनाभर आधीपासून करडांना शेवरीचा पाला, बाभळीच्या शेंगा. गडी लवकर आला तर म्हणायची, "आणखी पंधरा दिस थांब की बाबा, पोट बसू दे त्याचं." जे करडू तिचं नव्हतं, त्याच्यासाठी ती भांडायची.

१९८० नंतर एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून कर्जाच्या शेळ्या आल्या, वाट्याचा रिवाज सैल झाला. त्यातच १९८७ साली तामिळनाडूत शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा रोग देशात पहिल्यांदा सापडला आणि पुढच्या दशकात सगळीकडं पसरला. त्यावर आता चांगली लस आहे. पण टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात, आणि व्यापारी तर दूध तुटलेलं करडू त्याच दिवशी टेम्पोत घालतो. लस आधी, मग दूध तोडणं, मग बाजार, एवढा क्रम पाळा म्हणून मी अजूनही गावोगाव सांगत फिरतो.