मोडशी

मयेत आजाऱ्यांच्या भेटीला गेलो की आम्हांला एक गोष्ट नेहमी दिसते. दुखणे काय, असे विचारावे, तर उत्तर दुखण्यापासून सुरू होतच नाही. बांबोळीला कोणत्या बसने गेलो, केसपेपरच्या रांगेत पुढे कोण होते, घरी म्हशीला पाणी कोणी दिले, हे सगळे आधी. डॉक्टर काय म्हणाले ते शेवटी, आणि तेही अर्धवट. पूर्वी आम्ही घाई करत असू. आता करत नाही.

गोव्यातल्या रुग्णाने स्वतः लिहून ठेवलेली एक जुनी हकीकत फ्रांस्वा पिरार्ड या फ्रेंच माणसाची आहे. १६०८ साली त्याला आजारी अवस्थेत जुन्या गोव्याच्या राजेशाही इस्पितळात आणले. लाखेने रंगवलेले पलंग, स्वच्छ चादरी, चिनी मातीच्या ताटल्या यांचे त्याने तोंडभरून कौतुक केले आहे. पण ते इस्पितळ गोऱ्यांसाठी होते. इथला माणूस आजारी पडला तर त्याला काय वाटले, हे कोणी लिहिले?

जवळजवळ कोणीच नाही. एक शब्द मात्र उरला.

१५४३ साली गोव्यात जीवघेणी साथ आली. गास्पार कोरैया सांगतो, रोज इतकी माणसे मरत, की लोक घाबरू नयेत म्हणून गव्हर्नराने चर्चच्या घंटा वाजवायला मनाई केली. घंटा गप्प झाल्या. पण आजाराला इथले लोक जे म्हणत तेच नाव कोरैयाने लिहिले: मोडशी. पुढे १५६३ साली गार्सिया द ओर्ता या वैद्याने गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात तेच नाव घेतले. (हा ओर्ता ज्यू वंशाचा. १५८० साली धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. आम्ही ख्रिस्ती लोकांनी हे विसरू नये.)

मोडशी म्हणजे अंग मोडणे, माणूस आतून ढासळणे. वैद्यांचा शब्द पित्तावरून आला होता. हा शब्द सोसणाऱ्याने दिला. फ्रेंचांच्या कानी पडता पडता त्याचे ‘कुत्र्याचे मरण’ झाले. दुसऱ्याची कहाणी अर्धवट ऐकली की असे होते.

मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली बाई आहे. अनेक वैद्य झाले, होते नव्हते ते संपले, दुखणे वाढतच गेले, हेही मार्कने गाळले नाही. प्रभू याईराच्या घरी घाईने निघाला होता, तरी त्या गर्दीत थांबला. तिने भीतभीत सारे सांगितले, आणि त्याने ते पुरते ऐकून घेतले.

तेवढा वेळ याईर शेजारी उभा होता. त्याची मुलगी घरी मरणाच्या दारात होती. त्या थांबण्यात त्याने काय सोसले, ते मार्कने लिहिलेले नाही.