कुंडलिकेची वाळू

आजी जुन्या जालन्याची. तिच्या गोष्टीतली कुंडलिका नदी पाण्यापेक्षा वाळूचीच जास्त. उन्हाळ्यात धार आटली की बायका घागरी घेऊन पात्रात उतरायच्या. हातभर वाळू उकरायची, वर आलेलं पहिलं गढूळ पाणी करवंटीनं उपसून टाकायचं आणि झिरा निवळेपर्यंत तिथंच बसून राहायचं. मग फडक्यातून गाळून घागर भरायची. कुठला झिरा लवकर भरतो, हे तिला पाठ होतं. नदी वळते तिथं आतल्या अंगाला, पुरानं जाड वाळू टाकलेली असे तिथं. पावसाळ्यात मात्र पूर आला की जुन्या आणि नव्या जालन्याची वाट तुटायची, पलीकडच्या सोयऱ्यांची खबरही लागायची नाही.

पाण्याची सोय या गावानं फार आधीपासून केली. जुन्या काळी जालन्याचा कारभार पाहणाऱ्या जमशेदखानानं मोती तलाव बांधला, त्याचं पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत आणलं. पुढे निजामाच्या राज्यात, 1930च्या दशकात, शहराच्या वरच्या अंगाला घाणेवाडीचा तलाव झाला. त्याचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारानं नव्या जालन्यात पोचायचं. हे काम मोठंच. पण मला वाटतं, नळ दारात आले आणि गावाचं पात्रात उतरणं सुटलं. जिथं रोज कुणी उतरत नाही, तिथली वाळू उचलली तरी कुणाला कळत नाही. वाळू बांधकामावर गेली, तिच्या जागी सांडपाणी आणि राडारोडा आला, काठ आत सरकत गेले. पाणी उन्हापासून झाकून ठेवणारा तळच गेला.

2012-13च्या दुष्काळात शहर टँकरकडे डोळे लावून बसलं. तेव्हा लोकांनी वर्गणी काढून घाणेवाडीचा गाळ उपसला, शेतकऱ्यांनी तो शेतात नेऊन पसरला. त्या कामाचा मला अभिमान आहे. अलीकडे कुंडलिकेच्या पात्रातही यंत्रं उतरली, खोली-रुंदी वाढवायला. पण नुसता खणलेला चर म्हणजे जुनं पात्र नव्हे. त्याचं वळण आणि वाळूचा थर नकाशातल्या रेघेत सापडत नाही. आखणीच्या वेळी काठावरच्या म्हाताऱ्या बायकांना सोबत न्यावं आणि विचारावं: झिरे कुठं होते, किती हात उकरलं की पाणी लागायचं, आणि पूर कुणाच्या उंबऱ्यापर्यंत यायचा.