गोव्याची आर्थिक नाकेबंदी (१९५४-१९६१)

परकीय सत्तेच्या ताब्यातील प्रदेशाशी व्यापार चालू ठेवावा की तोडावा, हा प्रश्न स्वतंत्र भारतापुढे ठळकपणे आला तो गोव्याच्या निमित्ताने. पोर्तुगालने १९५१ मध्ये गोवा, दमण व दीव यांना ‘सागरपार प्रांत’ ठरविले आणि वाटाघाटींस नकार दिला. भारताने जून १९५३ मध्ये लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. लष्करी कारवाई पंडित नेहरूंना त्या वेळी मान्य नव्हती. त्यामुळे आर्थिक दबावाचाच मार्ग उरला.

१९५४ पासून प्रवास, मालवाहतूक व पैशांची ने-आण यांवर निर्बंध लादण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी केलेल्या गोळीबारात वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर कॅसलरॉकमार्गे मुरगावला जाणारी रेल्वे वाहतूक थांबली आणि गोव्यातील भारतीय वाणिज्य दूतावासही बंद झाला.

सालाझार राजवट मात्र नमली नाही. हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ व भाजीपाला, सिलोनचा चहा आणि जपानचे सिमेंट गोव्यात येऊ लागले. १९५५ मध्ये दाबोळी विमानतळ सुरू झाला. लोहखनिजाची निर्यात जपान व पश्चिम जर्मनीकडे वाढत गेली आणि खाणमालकांची भरभराट झाली. झळ पोहोचली ती मुंबईत नोकरी करणाऱ्या आप्ताच्या पैशांवर चालणाऱ्या घरांना. ज्यांच्या मुक्तीसाठी नाकेबंदी होती, त्यांनाच ती अधिक जाचली, हे मान्य करावे लागते. चोरट्या व्यापारालाही त्यातून बळ मिळाले, हे वेगळे सांगायला नको.

कायद्याची लढाई दादरा व नगर हवेलीवरून झाली. हे प्रदेश १९५४ मध्ये मुक्त झाल्यावर पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. १२ एप्रिल १९६० च्या निकालानुसार खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांना भारतीय भूमीवरून जाण्याचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांना नव्हता. भारताने आपल्या बंधनांचा भंग केला नाही, असेही न्यायालयाने म्हटले. त्याच न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी पॅलेस्टिनी प्रदेशाविषयी दिलेल्या सल्लागार मतात, बेकायदा ताबा बळकट करणारे व्यापारी व्यवहार राष्ट्रांनी टाळावेत, असे नमूद केले आहे. १९६० मध्ये प्रश्न वाटेच्या हक्काचा होता, २०२४ मध्ये व्यापाराच्या परिणामाचा.

अखेर १९ डिसेंबर १९६१ रोजी ‘ऑपरेशन विजय’ने गोवा मुक्त केला. हिशेब मात्र तेवढ्यावर मिटला नाही. गोमंतकीयांनी पोर्तुगीज बँकेत तारण ठेवलेले दागिने लिस्बनला नेण्यात आले होते. ते परत येण्यास १९९१ साल उजाडले.