अंगण

अंगण : घराच्या ओट्यापासून कुंपणापर्यंतची, वर छप्पर नसलेली, परंतु घराइतक्याच निगुतीने राखलेली मोकळी जमीन. पनवेल तालुक्यातील करंजाडे व आसपासच्या आगरी वस्तीच्या गावांत उघड्यावरची स्थळे पूर्वापार निरनिराळी ओळखली जात. अंगण, परसू व खळे ही कुटुंबाच्या कब्जातील, तर गावदेवीसमोरचे पटांगण आणि गुरचरण ही साऱ्या गावाच्या वहिवाटीची असत.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस ज्या प्रदेशावर कोसळतो, तेथे अंगण एकदाच करून भागत नाही. पावसाने सारवण वाहून जाते, माती सुटते, गवत माजते. म्हणून आश्विन सरता सरता जमीन खणावी, समपातळीत आणावी, पाणी शिंपडून लाकडी चोपण्याने ठोकून घट्ट करावी आणि तिच्यावर शेणाचा हात फिरवावा, हा क्रम दरवर्षी नव्याने पार पाडावा लागे, आणि त्यातील बहुतेक श्रम घरातील स्त्रियांचे असत. महसुली दफ्तरात या श्रमांची नोंद कोठेही आढळत नाही. वस्तुतः खातेदाराचा दाणा मातीत न मिसळता कणगीत पोहोचे, तो याच कष्टांमुळे. कापणीनंतर भाताचे भारे उडवीला लागत, झोडणी होई, वाऱ्याची दिशा पाहून सुपाने धान्य वारवले जाई. पुढे वैशाखात त्याच भूमीवर पापड-कुरडयांशेजारी सुकट-जवळ्याचे वाळवण पडे.

कार्तिकात तुळशीचे लग्न अंगणातच लागे. घरच्या लग्नात मुहूर्तमेढ रोवून, आंब्याचे टाळे बांधून मांडव उभारला जाई, आणि धवलारीण धवले गाऊन विधी चालवी. स्त्रीने पौरोहित्य करण्याची ही आगरी परंपरा अत्यंत मोलाची असून, तिचे स्वाभाविक स्थान अंगणातील मांडव हेच होय.

17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली व नवी मुंबईसाठी पनवेल, उरण आणि ठाणे या तालुक्यांतील जमिनींचे संपादन सुरू झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या लढ्यात जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर 1990 मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांस परत देण्याचे धोरण अमलात आले. करंजाडे ही वसाहत बव्हंशी अशाच भूखंडांवर वाढली. या साडेबारांतून पावणेचार टक्के सामाजिक सोयींसाठी वजा होतात. म्हणजे शेतकऱ्याच्या हाती प्रत्यक्षात पावणेनऊ टक्के उरतात.

आता भूखंडावर अनेक मजल्यांची इमारत उभी राहते, आणि हळदीचा समारंभ खांबांमधील वाहनतळात, नाहीतर रस्त्यावर मंडप घालून करावा लागतो. वसाहतीतील उद्याने व मैदाने आवश्यक आहेतच. तथापि तेथे प्रवेशाच्या वेळा असतात, कार्यासाठी परवाना लागतो, आणि वाळवण घालण्याची कोणास मुभा नसते. उलटपक्षी, जुन्या गावठाणाच्या हद्दीत जी बैठी घरे टिकून आहेत, त्यांच्यापुढे अंगण अद्याप आहे, परंतु बहुतेक ठिकाणी त्यावर फरशी अथवा काँक्रीट आले असून चोपणे माळ्यावर गेले आहे.