नाव कुणाचं, ताबा कुणाचा? रेडिफ ते राजारामपुरी

राजारामपुरीत पत्ता सांगायचा म्हणजे गल्लीचा नंबर सांगायचा. इंटरनेटवरही मूळ पत्ता नंबरांचाच असतो, पण तो लक्षात कोण ठेवणार? म्हणून वर नाव लावतात, तेच डोमेन. या नावाच्या मालकीवरून मुंबई हायकोर्टात एक गाजलेली केस झाली. आज तीच गोष्ट.

साल १९९९. रेडिफ डॉट कॉम तेव्हा चालू लागलं होतं. सायबरबूथने रॅडिफ डॉट कॉम घेतलं. इंग्रजीत फरक एकाच अक्षराचा, 'ई'च्या जागी 'ए'. त्यांचं म्हणणं काय, तर रॅडिकल, इन्फॉर्मेशन, फ्यूचर आणि फ्री या शब्दांची अक्षरं जुळवून आम्ही नाव बनवलं! न्यायमूर्ती ए. पी. शहांना ते पटलं नाही. त्यांनी मनाई हुकूम दिला. डोमेन हा नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कइतकंच संरक्षण हवं, असं कोर्टाने सांगितलं. पुढे २००४ मध्ये सिफीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेही डोमेनला ट्रेडमार्कचे नियम लावले.

आता मुद्दा बघा. रेडिफ लढू शकली, कारण तिचं डोमेन तिच्याच हातात होतं. आपल्याकडे दुकानदार काय करतात? "तूच घे रे डोमेन, पैसे देतो." मग डोमेन डेव्हलपरच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर. दोन वर्षांनी त्याने नंबर बदलला की रिन्यूअलचा मेसेज कुणाला जाणार? डोमेन संपलं की साइट बंद, त्यावरचे ईमेलही बंद. कोर्टात जाता येतं, पण नाव आपलंच आहे हे आधी सिद्ध करत बसावं लागतं.

कोडचं तर आणखी वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅमही येतो. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड सहसा मालकाचा. पण फ्रीलान्सरने लिहिलेला कोड, पैसे दिले तरी, लेखी करार नसेल तर त्याचाच. करारात मुदत लिहिली नाही तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं कायदा धरतो.

मी स्वतः डेव्हलपर आहे, तरी सांगतो. आम्ही बोर्ड रंगवणारे. बोर्ड रंगवला म्हणून दुकानाचं प्रॉपर्टी कार्ड आमच्या नावावर होत नाही!

तर काम द्यायच्या आधी एवढं करा:

- डोमेन आणि होस्टिंग स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेल-मोबाइलवर घ्या.
- डेव्हलपरला वेगळं लॉगिन द्या, आपला पासवर्ड नको.
- कोड आणि डिझाइनचे हक्क कायमचे आपल्याकडे, असं लिहून सही घ्या.
- बॅकअप स्वतःकडे ठेवा.

चांगला डेव्हलपर याला नाही म्हणणार नाही. घरात कुणाचं दुकान असेल तर आजच विचारा, "आपलं डोमेन कुणाच्या नावावर आहे?" भेटू पुढच्या एपिसोडला!