मास्टर भगवान : गिरणगावातून आलेला नाच

वसंतातल्या व्याख्यानमालेत संतांची, समाजसुधारकांची आणि क्रांतिकारकांची चरित्रे सांगावीत, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. त्या मांदियाळीत एका सिनेनटाला, आणि तोही नाचून लोकांना हसविणाऱ्या नटाला, जागा का द्यावी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. गणपतीच्या मिरवणुकीत सफाळ्याचा एखादा मुलगा गुडघे किंचित वाकवून, खांदे सैल सोडून ठेक्यावर पुढे सरकतो, तेव्हा आपण कोणाचे पाऊल टाकीत आहोत हे त्याला ठाऊक नसते. ज्याचे पाऊल गावोगाव पोहोचले आणि नाव मात्र मागे राहिले, त्याची आठवण देणे हे इतिहासाचेच काम आहे.

त्या नटाचे नाव भगवान आभाजी पालव. चित्रपटसृष्टी त्यांना मास्टर भगवान म्हणे, पुढे सारे जण भगवानदादा म्हणू लागले. त्यांचा जन्म १९१३ सालचा. वडील मुंबईत कापडगिरणीत कामाला. मुलानेही काही काळ अंगमेहनतीची कामे केली. पण ओढ पडद्याची होती. मूकपटांचा काळ सरत आला असताना त्यांचा त्या जगात प्रवेश झाला. नुसते नट होऊन ते थांबले नाहीत. चित्रपट कसा घडतो, त्याला पैसा कोठे लागतो आणि कोठे वाचतो, हे सारे त्यांनी काम करता करता शिकून घेतले. १९३८ साली ‘बहादुर किसान’च्या सहदिग्दर्शनाने त्यांची नवी वाटचाल सुरू झाली. १९४१ साली त्यांनी ‘वनमोहिनी’ हा तमिळ बोलपट दिग्दर्शित केला, ही गोष्ट पुष्कळांना आजही नवी वाटेल. १९४२ मध्ये त्यांनी स्वतःची जागृती पिक्चर्स ही संस्था काढली आणि १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला.

या काळातले त्यांचे बहुतेक चित्रपट थोड्या भांडवलात काढलेले, मारधाडीचे होते. सुशिक्षितांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. परंतु दिवसभर यंत्रापुढे उभा राहणारा कामगार त्यांना आवर्जून जाई. हा प्रेक्षक भगवानना परका नव्हता. त्याच्याच घरात ते वाढले होते.

चरित्र सांगताना उणी बाजूही सांगितली पाहिजे. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या एका प्रसंगात नायिका ललिता पवार यांना भगवाननी थप्पड मारायची होती. ती इतकी जोरात बसली की त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. ललिताबाईंचे नायिकेचे दिवस संपले. पुढे खाष्ट सासूच्या भूमिकांतून त्यांनी मोठे नाव मिळविले, हा त्यांच्या जिद्दीचा विजय होय. त्याने त्या हाताचा दोष पुसला जात नाही.

राज कपूर यांनी भगवानना सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला आणि त्यातून १९५१ साली ‘अलबेला’ जन्मला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तिन्ही भगवानच. नायिका गीता बाली. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, यांचे. दोघांची मैत्री जुनी होती. पडद्यावर भगवान गातात तो गळाही चितळकरांचाच. साथीला लता मंगेशकर. कथा एका गरीब तरुणाची. बहिणीच्या लग्नाला पैसा हवा, नोकरी गेलेली, आणि डोक्यात नाटकाचे वेड. घरचे बोलतात, तो बाहेर पडतो आणि रंगभूमीवर नाव काढून परततो. ही कथा रचताना भगवानना दूर जावे लागले नसेल. ‘आवारा’ आणि ‘बाजी’ याच वर्षीचे. त्यांच्या बरोबरीने ‘अलबेला’ चालला.

आता त्या नाचाकडे वळू. अमेरिकेत फ्रेड अस्टेअर लहानपणापासून रंगमंचावर बहिणीबरोबर नाचत आला होता. तालमींसाठी त्याला आठवडेच्या आठवडे मिळत आणि मोठ्या स्टुडिओची यंत्रणा पाठीशी उभी असे. ‘अलबेला’च्याच वर्षी आलेल्या ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’मध्ये जीन केलीचा शेवटचा नृत्यप्रसंग सुमारे १७ मिनिटांचा आहे. ते नाच पाहून आपण थक्क होतो, पण उठून तसे नाचू म्हणत नाही. भगवानांचे तसे नव्हते. शरीर स्थूल, उंची बेताची, चेहरा चारचौघांसारखा. ‘शोला जो भडके’ या गाण्यात ते काय करतात? कोपर वाकवून हात हलके झुलवितात, भिवया उडवितात, ठेका धरून धिम्या पावलांनी सरकतात. गीता बालींची चपळाई त्या संथपणामुळे अधिकच खुलते. वाद्ये परदेशी धाटणीची, पण अंग मात्र आपल्या माणसाचे. पाहणाऱ्याला वाटते, हे तर मलाही जमेल!

आपल्या या भागात तारपा नाच पाहिलेला नाही असा माणूस विरळा. तारपेवाला मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून बाकीचे त्याच्याभोवती फिरतात. तेथे नाचणारा आणि पाहणारा असा भेद फार काळ टिकत नाही. भगवाननी आपला नाच येथून घेतला असे आमचे म्हणणे नाही. पण बघ्याला आत ओढून घेणे, हा गुण दोन्हींत एकच आहे. आणि म्हणूनच तो नाच थिएटरातून रस्त्यावर, वरातीत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत सहज उतरला. अमिताभ बच्चन यांच्या पदन्यासावरही त्याची छाप स्पष्ट दिसते.

‘अलबेला’ने भगवानना वैभव दिले. जुहूला मोठा बंगला झाला, दारात मोटारी आल्या. पण अस्टेअर नाचत असे तेव्हा तोट्याची चिंता स्टुडिओला असे. येथे नाचणारा आणि कर्ज काढणारा माणूस एकच होता. १९५३ चा ‘झमेला’ आणि १९६६ चा ‘लाबेला’ यांना ते यश पुन्हा लाभले नाही. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारी गेल्या. पूर्वीचा नायक लहानसहान भूमिका करू लागला. कित्येकदा तर गर्दीत दोन पावले नाचून दाखविण्यापुरतेच त्यांना बोलावीत. अखेरची वर्षे दादरच्या चाळीत गेली आणि ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे देहावसान झाले. २०१६ साली त्यांच्या आयुष्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला, तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव कळले.

या ऱ्हासाला त्यांचा उधळेपणा कारण झाला, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. त्यात थोडे तथ्यही असेल. पण मिळालेले सारे पुन्हा पुढच्याच चित्रपटात घालणाऱ्या माणसाला केवळ उधळ्या म्हणणे आम्हांला जड जाते. गवयाची चीज गाताना त्याच्या घराण्याचे नाव आपण आदराने घेतो. मग रस्त्यावरच्या नाचाला तो मान का नसावा? येत्या भाद्रपदात ताशा वाजू लागेल, पोरे नाचू लागतील. त्यांना नाचू द्यावे. आणि मिरवणूक संपल्यावर, घाम पुसता पुसता, एका गिरणी-कामगाराच्या मुलाचे नाव त्यांच्या कानांवर घालावे.