कोवळी ज्वारी का लागते?

बीड जिल्ह्यात दिंद्रुडकडच्या ज्वारीच्या मुलखात वाळला कडबा मेंढ्यांना बिनघोर घालतात. पावसाने ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत किंवा कापणीनंतरच्या फुटव्यांत मात्र कळप सोडत नाहीत. पीक एकच, मग असे का?

१९०२ साली डन्स्टन आणि हेन्री यांनी कोवळ्या ज्वारीतून एक ग्लुकोसाइड वेगळे केले. ज्वारीच्या अरबी नावावरून त्याला ‘धुरिन’ म्हणतात. पान चघळले की पानातलेच विकर त्यावर काम करते व हायड्रोजन सायनाइड सुटते. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून गुदमरलेल्या मेंढीचे रक्त लालभडक दिसते. आम्हांला हाच पुरावा सर्वांत बोलका वाटतो. रोप वाढते तसे धुरिनचे प्रमाण उतरते.

सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट ही उताऱ्याची जोडी १९३३च्या सुमारास पुढे आली. पण विष मिनिटांत भिनते, आणि रानातून दवाखाना लांब असतो.